भाजीचे मोल

मुलांनो, ताटात कोबीची भाजी दिसली की तुमच्यापैकी कितीतरी जण नाक मुरडतात. मुळ्याचा तर वासही काहींना सहन होत नाही. मला मात्र या वासाचे फार कौतुक वाटते. का, ते सांगतो.

कोबी, फुलकोबी, मुळा, शलगम आणि मोहरी एकाच कुळातील आहेत. कीड आली तर या झाडांना पळता येत नाही. म्हणून त्यांच्या पेशींत गंधक असलेले एक द्रव्य असते आणि एक विकर वेगळ्या कप्प्यात असते. पान चावले किंवा चिरले की दोन्ही एकत्र येतात आणि उग्र, तिखट द्रव्य तयार होते. मोहरी वाटताना डोळ्यांत पाणी येते, ते यामुळेच!

1992 साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रोकोली या कोबीच्या भावंडातून असेच एक द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव सल्फोराफेन. शरीरात शिरलेली घातक द्रव्ये निकामी करणारी विकरे त्यामुळे वाढतात, असे त्यांना आढळले. पुढे 1994 मध्ये उंदरांना ते दिले, तेव्हा त्यांच्यात कर्करोगाच्या गाठी कमी झाल्या.

मग कोबी खाल्ला की कर्करोग होणारच नाही का? तसे नाही. उंदीर वेगळा, माणूस वेगळा. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांतील अनेकांना गाजराला रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. 1994 साली निष्कर्ष आला. गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, उलट वाढला.

आमच्या मोहल्ल्यातील एक चाचा तंबाखू खात. त्यांच्या तोंडात जखम झाली. कुणाच्या तरी सांगण्यावरून ते तीन महिने नुसता पाल्याचा रस पीत राहिले. डॉक्टरांकडे गेले, तेव्हा फार उशीर झाला होता. रसाने त्यांचे नुकसान केले नाही. वाया गेलेल्या दिवसांनी केले.

वनस्पतींपासून कर्करोगाची औषधे मिळतात, हे खरे आहे. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन हे औषध रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना देतात. पण ते शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून देतात. सदाफुलीची पाने विषारी असतात. ती कधीही चावू नका.

तेव्हा मित्रांनो, भाज्या आवडीने खा. कोबी फार शिजवू नका, कारण उष्णतेने त्यातील विकर नष्ट होते. तंबाखू आणि गुटख्याला हात लावू नका. घरात कुणाच्या तोंडातील जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर त्यांना डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरा. भाजी शरीराची राखण करते; पण आजार झाला, तर उपचार डॉक्टरांनीच करायचे असतात.