ओमच्या आजोबांची चाल

प्रिय सुजाता,

ओमचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. पोरगं कागद-पेन्सिल घेऊन हाताने ॲनिमेशन करतंय, याचा काय आनंद झाला म्हणून सांगू! चेहरे तर फारच गोड काढलेत. फक्त त्याचे आजोबा चालत नाहीत गं, बर्फावरून घसरत जातात. तेवढ्यासाठीच हे पत्र. त्याला वाचून दाखव.

सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम्स. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं की 12 चित्रांत सेकंद भागतो. साध्या चालीत एका पावलाला अर्धा सेकंद धर. ओमने पाय फाकलेली पोझ काढली, मग पुढच्या पावलाची तशीच, आणि मधली चित्रं सारख्या अंतरावर भरून टाकली. तिथेच वजन गेलं. टाच टेकली की लगेच पुढचा गुडघा वाकतो, सगळा भार त्या पायावर येतो आणि डोकं सगळ्यात खाली जातं. हातही सगळ्यात लांब गेलेले असतात ते याच पोझमध्ये. मग मागचा पाय उचलून शेजारून पुढे येतो, तोवर टेकलेला पाय सरळ झालेला असतो. तोच पाय नंतर चवड्यावर उठून अंगाला पुढे ढकलतो, तेव्हा डोकं सगळ्यात उंच. प्रत्येक कागदावर डोक्याच्या जागी ठिपका दे आणि ठिपके जोड म्हणावं. लाट दिसली पाहिजे. ओमची रेघ सरळ येणार, पैज लावते! आजोबांसाठी लाट बारीक, पावलं आखूड, आणि एकेका पावलाला चित्रं जास्त.

या चार पोझ आधी, मधलं सगळं नंतर. आणि काढता काढताच कागद बोटांत धरून फडफडवून बघायचे. ही सवय आत्ताच लागू दे, मोबाइलवर शूट करेपर्यंत थांबायचं नाही. कागद हलू नयेत म्हणून पंच करून पेगबारच्या खुंट्यांवर बसवायचे. खाली काच आणि दिवा असला की झालं लाइट टेबल.

त्याचा उसळणारा चेंडू मात्र झकास! वर चित्रं दाट, खाली विरळ, हे त्याला आपसूक कळलंय. चेंडू आपटून चपटा होतो तेव्हा तेवढाच रुंदही व्हायला हवा, नाहीतर लहान झाल्यासारखा वाटतो.

आपल्याकडे ही विद्या हातातून हातातच आली. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स 1956मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले आणि आपले ॲनिमेटर राम मोहन त्यांच्या हाताखाली तयार झाले. ओमला समोर बसवून शिकवायला मी तिथे नाही, याची फार चुटपुट लागते. तोवर रिचर्ड विल्यम्स यांचं ‘द ॲनिमेटर्स सर्व्हायव्हल किट’ त्याला आणून दे. चालीवर त्यात भरभरून आहे.

पुढच्या वेळी व्हिडिओबरोबर सुट्या कागदांचे फोटोही पाठव, खोडलेल्या रेघांसकट. मला त्यावरूनच जास्त कळेल.

तुझी,
मेधा