नाव एका गावचे, संघ दुसऱ्या गावचा

अमेरिकेतील यूटा राज्याची राजधानी सॉल्ट लेक सिटी ही वासाच पर्वताच्या पायथ्याशी वसली आहे. मॉर्मन पंथाच्या लोकांनी १८४७ साली तिची स्थापना केली. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, हिवाळ्यात हिमाने आच्छादलेली शिखरे आणि जवळच खाऱ्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर, असे या नगरीचे रूप आहे. तिच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे नाव मात्र 'जॅझ' ! हे शहर जॅझ संगीताची पंढरी असावे, असा तर्क कोणीही करील. पण ती पंढरी म्हणजे दूर दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स. तेथे १९७४ मध्ये स्थापन झालेला हा संघ १९७९ मध्ये यूटात आला आणि येताना आपले नाव बरोबर घेऊन आला.

संघाच्या नावावरून गावाची ओळख पटते, हा समज अशा रीतीने अनेकदा फसवा ठरतो. लॉस एंजेलिसच्या 'लेकर्स' या नावातील सरोवरे तेथील नव्हेत. 'दहा हजार सरोवरांची भूमी' म्हणून ख्यात असलेल्या मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस शहर सोडून तो संघ १९६० मध्ये कॅलिफोर्नियात आला. मेम्फिसच्या संघाला 'ग्रिझली' अस्वलाचे नाव आहे; ते कॅनडातील व्हँकूव्हरहून २००१ मध्ये तेथे पोहोचले. डेट्रॉइटची गंमत याहून वेगळी. मोटारींच्या या शहराला 'पिस्टन्स' हे नाव इतके शोभते, की ते तेथेच जन्मले असे वाटावे. वस्तुतः इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे फ्रेड झोलनर यांचा पिस्टनचा कारखाना होता. त्यावरून पडलेले हे नाव संघाबरोबर १९५७ मध्ये डेट्रॉइटला गेले.

दुसरा गैरसमज अधिक गंभीर आहे. ज्या नगराचे नाव संघ धारण करतो, त्या नगराचा तो असतो, असे प्रेक्षक मनोमन धरून चालतात. कायद्याने पाहता संघ खाजगी मालकांचा असतो. त्याने गाव सोडावे की नाही, याचा निर्णय इतर संघांच्या मालकांच्या मतांवर अवलंबून असतो. आणि वादाचे कारण बहुधा एकच, नव्या क्रीडागृहाचा खर्च कोणी सोसावा!

सिअ‍ॅटल नगराने याचा कटू अनुभव घेतला. १९६७ मध्ये तेथे संघ निघाला, तेव्हा बोइंग कंपनी स्वनातीत विमानाची योजना आखीत होती. म्हणून संघाचे नाव 'सुपरसॉनिक्स' ठेवले गेले. विमानाची योजना १९७१ मध्ये बारगळली, परंतु संघ टिकला आणि १९७९ मध्ये अजिंक्यही ठरला. २००६ मध्ये ओक्लाहोमाच्या उद्योगपतींनी तो विकत घेतला. क्रीडागृहावरून तंटा झाला, प्रकरण न्यायालयात गेले. अखेर २००८ मध्ये ४ कोटी ५० लाख डॉलर देऊन मालकांनी करारातून सुटका करून घेतली. एक्केचाळीस हंगामांनंतर खेळाडू ओक्लाहोमा सिटीला गेले. नाव आणि रंग तेवढे सिअ‍ॅटलसाठी मागे राहिले.

हाच प्रसंग २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो हिच्यावर ओढवला. तेथील 'किंग्ज' हा संघ विकत घेऊन सिअ‍ॅटलला नेण्याचा बेत ठरला होता. नगराचे प्रशासन नव्या क्रीडागृहाला साहाय्य करण्यास पुढे आले आणि मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या नेतृत्वाखालील गटाने संघ विकत घेतला. इतर संघांच्या मालकांनीही स्थलांतरास नकार दिला. नवे क्रीडागृह २०१६ मध्ये शहराच्या मध्यभागी उभे राहिले, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये हाच संघ मुंबईत दोन सामने खेळून गेला.

सॅक्रामेंटोचा आनंद रास्तच होता. परंतु तो संघही मूळचा तेथील नव्हे. रॉचेस्टरहून १९५७ मध्ये सिनसिनाटी, १९७२ मध्ये कॅन्सस सिटी आणि १९८५ मध्ये सॅक्रामेंटो, असा त्याचा प्रवास झाला. ज्या गावांतून तो निघून गेला, तेथेही त्याला आपला म्हणणारी माणसे होतीच.