ठेका चोख होता

जिम गॉर्डन हे नाव तुमच्या ओळखीचं असण्याची शक्यता कमी आहे. त्याचं वाजवणं मात्र बहुधा तुमच्या कानावरून गेलेलं आहे. 1973 मध्ये 'इनक्रेडिबल बाँगो बँड' या नावाने एक अल्बम निघाला. बँड कसला, स्टुडिओत जमवलेले वादक होते. त्यातल्या 'अपाची' या गाण्यात मधेच सगळी वाद्यं बाजूला होतात आणि फक्त बाँगो आणि ड्रम उरतात. बाँगोवर किंग एरिसन, ड्रमवर जिम गॉर्डन. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क पार्ट्यांमध्ये तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा, कारण पोरं खरी पेटून नाचायची ती त्या तुकड्यावर. हिप-हॉप अशा तुकड्यांवर उभं राहिलं. 'अपाची'ला तर हिप-हॉपचं राष्ट्रगीत म्हणतात. 2002 मध्ये नास या रॅपरने 'मेड यू लुक' केलं, तेव्हाही खाली हाच ठेका होता.

मी विचुंब्यात राहतो. नवीन पनवेलला लागून असलेलं हे गाव आता अर्धं गावठाण आणि अर्धं बिल्डिंगांचं झालंय. लग्नसराईत हळदीच्या रात्री बेंजो लागला की खिडक्या बंद करूनही झोप येत नाही. त्यामुळे 'अपाची'मधला तो तुकडा म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गाणारा थांबतो, कीबोर्ड थांबतो, फक्त ताशा, ढोल आणि ऑक्टोपॅड चालू राहतात, आणि इतका वेळ खुर्चीवर बसलेली आजीसुद्धा उठून दोन पावलं नाचते. दुसऱ्या दिवशी स्टेटसवर जे व्हिडिओ पडतात त्यात नवरदेव असतो, गाणारा असतो, लायटिंग असतं. ऑक्टोपॅडवाला स्पीकरच्या मागे असतो. त्याचं नाव विचारलं तर कोणाला सांगता येत नाही. 'तो ऑक्टोपॅडवाला' एवढंच.

जिम गॉर्डन हा अमेरिकेतल्या रॉक संगीताचा असा 'तो ड्रमवाला' होता. जन्म 1945 चा. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत वाढला. विद्यापीठाची संगीताची शिष्यवृत्ती मिळत होती, ती सोडून 1963 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, एव्हर्ली ब्रदर्स यांच्यासोबत वाजवायला गेला. नंतर स्टुडिओत हॅल ब्लेन या त्या काळच्या सगळ्यात मागणी असलेल्या ड्रमरच्या हाताखाली तयार झाला. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्याने कुठे कुठे वाजवलं ते पाहा. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स', मेसन विल्यम्सचं 'क्लासिकल गॅस', बीटल्स फुटल्यानंतर जॉर्ज हॅरिसनने काढलेला 'ऑल थिंग्ज मस्ट पास', कार्ली सायमनचं 'यू आर सो व्हेन', स्टीली डॅनचं 'रिकी डोंट लूज दॅट नंबर'. यातलं एखादं गाणं आत्ता फोनवर लावलंत तर गायकाचं नाव स्क्रीनवर येईल, ड्रमरचं शोधत बसावं लागेल.

त्याची खासियत अशी की तो दिसायचाच नाही. ड्रमर म्हटलं की केस उडवत, काठ्या फेकत वाजवणारा माणूस आठवतो. गॉर्डन तसा नव्हता. गाण्याला लागेल तेवढंच वाजवायचं, पण ते अशा जागी टाकायचं की गाणं पुढे झुकल्यासारखं वाटावं. तबल्यातला जाणकार नुसत्या ठेक्यावर माणूस ओळखतो ना, तसं त्याला ओळखणारे ओळखायचे, पण ते सगळे स्वतः वादक असायचे.

1970 मध्ये एरिक क्लॅप्टनने 'डेरेक अँड द डॉमिनोज' हा बँड काढला, त्यात गॉर्डन ड्रमर होता. या बँडचं 'लैला' हे गाणं गाजलं. नाव अर्थातच लैला-मजनूच्या गोष्टीतून आलेलं. गाण्याचा पहिला भाग गिटारचा आहे, तापलेला. मग तो थांबतो आणि पियानोवर एक शांत सुरावट सुरू होते, जी शेवटपर्यंत चालते. या दुसऱ्या भागासाठी क्लॅप्टनसोबत गीतकार-संगीतकार म्हणून जिम गॉर्डनचं नाव लागलं. ड्रमरने पियानोवर बसून दिलेली सुरावट. मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'गुडफेलाज' या 1990 च्या सिनेमात एकामागून एक प्रेतं सापडतात, तेव्हा मागे हाच तुकडा वाजतो.

'उपेक्षित कलावंत' ही गोष्ट इथे सोपी राहत नाही. त्या काळात गॉर्डनची मैत्रीण होती गायिका रीटा कूलिज. तिचं म्हणणं असं की ती सुरावट दोघांनी मिळून एका वेगळ्या गाण्यासाठी केली होती, आणि 'लैला'वर तिचं नाव आलंच नाही. बँडमधला पियानोवादक बॉबी व्हिटलॉक यानेही तिच्या म्हणण्याला दुजोरा दिला. म्हणजे ज्याला कोणी विचारलं नाही, त्याच्या मागेही कोणीतरी उभं होतं, आणि तिला त्याच्याहून कमी विचारलं गेलं. 1970 च्याच एका दौऱ्यात गॉर्डनने हॉटेलमध्ये तिला खोलीबाहेर बोलावलं आणि अचानक तिच्या तोंडावर ठोसा मारला. आधी भांडण नाही, काही नाही. तिने नातं तिथेच संपवलं. दौरा पुढे चालू राहिला. त्याचा ठेका चोख होता.

मला या माणसाच्या आयुष्यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे. त्याच्या डोक्यात आवाज यायला लागले होते. कोणी नसताना बोलणारे, हुकूम सोडणारे आवाज, आणि त्यातला सगळ्यात मोठा त्याच्या आईचा. ते त्याला जेवू द्यायचे नाहीत, झोपू द्यायचे नाहीत. पण काउंट दिला की तो वेळेवर पडायचा, आणि स्टुडिओवाल्यांना तेवढं पुरेसं होतं. जो माणूस काम चोख करतो तो ठीक असणार, असं आपण धरून चालतो.

माझा मामा बेंजोत ताशा वाजवायचा, पेणकडच्या एका पार्टीत. ताशावर त्याचा हात असा होता की आजूबाजूच्या गावांतून तारखा त्याला विचारून ठरायच्या. मग तो रात्ररात्र जागायला लागला. शेजारी पाण्यात काही मिसळतात म्हणून घरचं पाणी पिईना. लोक म्हणाले, कलाकार माणूस आहे, लहरी असायचाच. घरचे म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे. भगताकडे नेलं, कोंबडा झाला, नारळ झाला. दोन सीझन असेच गेले, आणि त्या दोन सीझनमध्ये त्याची एकही तारीख रद्द झाली नाही, कारण हात चुकत नव्हता. शेवटी एका वरातीत त्याने भर रस्त्यात ताशा गळ्यातून काढला, खाली ठेवला आणि चालायला लागला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच गावात सापडला. त्यानंतर डॉक्टर, आणि त्यानंतर आजाराचं नाव: स्किझोफ्रेनिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण तीनशेत एकाला हा आजार असतो. म्हणजे हळदीच्या मोठ्या मांडवात एखादा तरी.

गॉर्डनला ते नाव वेळेवर मिळालं नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्या आवाजांनी त्याचं वाजवणंही थांबवलं. तो स्वतःच्या पायाने पुन्हा पुन्हा हॉस्पिटलात जात होता, आवाज येतात म्हणून सांगत होता, आणि उपचार होत होते ते दारूचे. रॉकवाला आहे, पितो, त्याचंच हे, असं धरलं गेलं. 3 जून 1983 रोजी त्याने आपल्या आईचा खून केला. तिचं नाव ओसा मेरी गॉर्डन, वय 72. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं ते अटकेनंतर. आजार खरा आहे हे न्यायालयानेही मान्य केलं, पण कॅलिफोर्नियाचा कायदा तेव्हा नुकताच कडक झाला होता, त्यामुळे मानसिक आजाराचा बचाव टिकला नाही. 1984 मध्ये सोळा वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. पॅरोल पुन्हा पुन्हा नाकारला गेला. 13 मार्च 2023 रोजी, वयाच्या 77 व्या वर्षी, व्हॅकाव्हिलच्या वैद्यकीय तुरुंगात तो वारला.

मधे एक गोष्ट घडली. 1992 मध्ये क्लॅप्टनने 'अनप्लग्ड' कार्यक्रमात 'लैला' नव्याने, संथ लयीत गायलं. 1993 मध्ये त्यासाठी सर्वोत्तम रॉक गाण्याचं ग्रॅमी मिळालं. हे पारितोषिक गाणं लिहिणाऱ्यांना मिळतं, म्हणजे क्लॅप्टनला आणि तुरुंगातल्या जिम गॉर्डनला. पण त्या नव्या 'लैला'त गॉर्डनचे ड्रम नाहीत, आणि पियानोचा तो शेवटचा भागही नाही. त्याला आयुष्यातलं सगळ्यात मोठं पारितोषिक मिळालं ते त्याची एकही टिपरी नसलेल्या गाण्यासाठी.

अशा माणसाबद्दल लिहिताना दोन सोपे रस्ते समोर असतात. एक म्हणजे त्याला खुनी म्हणून मिटवून टाकायचं. दुसरा म्हणजे प्रतिभा आणि वेड यांचं जुनं सूत जुळवायचं. दुसरा रस्ता मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो ऐकायला गोड आहे. आजाराने गॉर्डनला एकही ठेका दिला नाही. आजाराने ड्रम काढून घेतले, मग झोप, मग आई. आणि त्या आईची गोष्ट 'ड्रमरची शोकांतिका' या मथळ्याखाली एका ओळीत उरकते, तेही मला पटत नाही. उपेक्षा मोजायची तर ओसा मेरीपासून मोजायला हवी.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण असं काही वाचून लोक मामासारख्या माणसांना घाबरायला लागतात. या आजाराचे बहुतेक रुग्ण कोणावर हात उगारत नाहीत. 2004 चा 'देवराई' हा सिनेमा पाहिला नसेल तर जरूर पाहा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. अतुल कुलकर्णीने केलेला शेष आणि त्याला सांभाळताना दमून जाणारी, तरी न सोडणारी बहीण सीना. आमच्या घरात ती जागा मामीची आहे.

मामा आता अठ्ठावन्नचा आहे. सुरुवातीच्या गोळ्यांनी हात थरथरायचे, तेव्हा तो ताशाकडे बघायचासुद्धा नाही. मग डॉक्टरांनी डोस बदलला, हळूहळू बसलं. बेंजोत तो परत गेला नाही, रात्रीचं जागरण त्याला चालत नाही. गणपतीत भजनाला मृदंग घेऊन बसतो, संथ वाजवतो. दहा वाजले की मामी डोळ्याने खूण करते, तो उठतो, गोळी घेतो आणि झोपतो. भजन पुढे चालू राहतं, दुसरा कोणीतरी मृदंग ओढून घेतो. कोणाला त्यात काही वाटत नाही.

गॉर्डनच्या बाबतीत मला सारखं वाटत राहतं की त्याला उठून जाऊ देणारं तसं कोणी असतं तर. वाजवणं थांबलं तरी चालेल, पण आधी तुझी झोप होते का ते सांग, असं विचारणारं. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल, ज्याचं काम चोख आहे आणि बाकी काहीतरी बिनसलंय, तर त्याला विचारा. काय करायचं ते सुचत नसेल तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आणि 'लैला' ऐकलंत तर 1970 चं ऐका, शेवटपर्यंत. पियानो सुरू झाल्यावर बोट पुढे सरकवू नका. कान पियानोच्या मागे न्या, ड्रमकडे.