मोळी आणि शेगडी

गेल्या पौषात माणिकगडाच्या पायथ्याशी आमचा मुक्काम होता. मोहोपाड्याहून हा गड अगदी हाताशी. शनिवारी जेवून निघालं तरी उन्हं असताना चढाला लागता येतं. आम्ही सात जण. तांदूळ, अंडी, मसाला चोळून ठेवलेली कोंबडी, सगळं बरोबर घेतलं होतं. जळण तेवढं घेतलं नव्हतं, कारण ते रानात मिळतंच. मिळालंही. वाटेच्या कडेला एका आंब्याखाली मनगटाएवढी सुकी फाटी नीट रचून ठेवलेली होती. भाच्यानं दोन कवळे उचलून आणले, तीन दगड मांडले, चहा उकळला. तेवढ्यात वाडीवरच्या एक आजी आल्या. रागावल्या नाहीत. चुलीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "पावसाची फाटी होती ती, दादा."

आम्ही पैसे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. चहा घेतला आणि उरलेली फाटी पुन्हा रचून त्या निघून गेल्या.

त्या रात्रीची कोंबडी चांगली झाली होती, पण माझ्या घशाखाली नीट उतरली नाही. ज्याला आम्ही रानातलं फुकटचं लाकूड समजलो, ते कुणीतरी वेचलं होतं, डोक्यावरून वाहून आणलं होतं, आषाढातल्या ओल्या दिवसांसाठी जपून ठेवलं होतं. रान मोकळं दिसतं म्हणून ते बिनमालकाचं होत नाही.

मग शेगडी घ्यायचं ठरवलं. पनवेलच्या दुकानात जी दाखवली ती सुटी होणारी होती: खाली बर्नरचा सांगाडा, वर भाजायची जाळी, जाळी उचलली की त्याच जागी सपाट तवा, तवा काढला की पातेल्यासाठी कडी. पाय दुमडायचे, पिशवीत भरायची, खांद्याला लावायची. दिसायला देखणी. पण मी आधी विचारलं ते गॅसचं, कारण शेगडी एकदाच घ्यायची असते, गॅस दर खेपेला लागतो. ज्या शेगडीचा डबा परदेशातून मागवावा लागतो ती आपल्या कामाची नाही. ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो आणि जीपमधून येत असाल तर तोच सोयीचा. पाठीवरून न्यायचं तर ब्यूटेनचा हलका डबा. आडोसा असेल तर एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस जातो. म्हणजे २३० ग्रॅमच्या डब्यात पंधराएक लिटर पाणी उकळतं. सात माणसांचा दोन वेळचा चहा, भात आणि अंडी यांना एक डबा जेमतेम पुरतो. दोन असले की जीव शांत. ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच उकळतो, त्यामुळे आपल्याकडच्या थंडीत तो अडत नाही. तरी गॅस निघत राहिला की डबा गार पडतो, त्याच्यावर दंव धरतं आणि पहाटे ज्योत मलूल होते. डबा जुना आहे अशी तक्रार करू नये, थोडं थांबावं.

वाऱ्याचं मात्र फार बघावं. पठारावर वारा आडवा येतो आणि उघड्या बर्नरची निम्मी आच पळवून नेतो. म्हणून ज्योतीभोवती स्वतःचं कडं असलेला बर्नर मला पसंत पडला. त्यावर लोक पत्र्याचा उंच आडोसा चारी बाजूंनी उभा करतात, तो करू नये. डबा शेगडीला चिकटून असेल तर तीच कोंडलेली आच डब्यावर उलटते. रुंद तव्याचंही तेच. सुट्या भागांच्या शेगडीत हा मोह मोठा असतो, की जाळीही मोठी हवी, तवाही मोठा हवा. पण तवा डब्यावर सावली धरू लागला की तो धोक्याचा. मी बिडाचा छोटा तवा घेतला. जड आहे, पण एकदा तापला की वाऱ्याला दाद देत नाही, आणि भाकरी नीट फुगते.

हे सगळं मला इतकं महत्त्वाचं का वाटतं, तर मी रसायनीच्या कारखान्यांच्या सावलीत वाढलो. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स, म्हणजे आमची एचओसी, १९६० साली स्थापन झाली आणि आमच्या घरांची घड्याळं तिच्या पाळ्यांवर चालली. वडील सांगत, वास आला की आधी वारा बघ. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन घालतात. तो हवेपेक्षा जड, म्हणून खळग्यात साठतो. पण तंबू बंद करून आत शेगडी पेटवली तर अर्धवट जळणातून जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वासच नाही. आमच्या मोहोपाड्याचं तयार नाकही तिथं हरतं. कितीही कुडकुडलात तरी शेगडी तंबूबाहेर.

एचओसीच्याच आवारात नायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार होई, इस्रोच्या रॉकेटांसाठी. २०१७ साली इथले कारखाने बंद करायचा निर्णय झाला तेव्हा तेवढा एक प्रकल्प इस्रोकडे सोपवायचं ठरलं. वर हवा नाही, म्हणून रॉकेट इंधनाबरोबर ते जाळणारं द्रव्यही घरूनच घेऊन निघतं. ज्या गावानं हे बनवलं त्या गावची माणसं तासाभराच्या डोंगरावर जळणही घेऊन गेली नव्हती.

आणि जळण घेतलं कुणाचं? त्या वाडीवरच्या कातकऱ्यांचं. खैराचा कात पाडणारे म्हणून हे नाव पडलं. तो धंदा गेल्यावर कितीतरी कुटुंबं कोळशाच्या भट्ट्यांवर राबायला बाहेर पडली, पावसाळ्याच्या तोंडाशी परतली. शेगडी हा शब्द तेव्हा कोळशाच्या शेगडीचाच होता. शहरातल्या माजघरांत जी आच होती, तिच्यामागे या माणसांची काळवंडलेली वर्षं आहेत. त्यांच्या दारची मोळी तरी आपण उचलू नये.

गॅसवर सगळं साधतं असं मी म्हणणार नाही. जाळीवर कोंबडी भाजली की चरबी तापल्या लोखंडावर पडते आणि तिचाच थोडा धूर लागतो; जाळीखालच्या ताटलीत पाणी ठेवलं तर भडकाही उडत नाही. चव चांगली येते. पोपटीची येत नाही. पोपटीला मडकंच लागतं. तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये कोंबडी, अंडी, कोनफळ, पुन्हा शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला गच्च. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, पातेरा, गोवऱ्या रचून पेटवायचं. अर्ध्यापाऊण तासानं वर पाणी शिंपडलं आणि ते चर्र होऊन उडालं, की झाली. त्या पाल्याचा कडवट, ओला वास कोणत्याही शेगडीच्या सुट्या भागांत मिळत नाही, आणि मिळावा अशी माझी इच्छाही नाही. पोपटी आपल्या शेतात लावावी. पेंढा आपला, गोवऱ्या आपल्या, बांधही आपला, आणि विझवायला विहिरीचं पाणी जवळ. फाल्गुनात वाळलेल्या गवतावर उडालेली एक ठिणगी अख्खा डोंगर काळा करते, हे आम्ही अंगणातून बघत आलो आहोत.

या पौषात पुन्हा माणिकगडाला गेलो. भात, अंड्यांचा रस्सा, बिडाच्या तव्यावर भाकऱ्या, सगळं शेगडीवर झालं. आजी भेटल्या, चहा त्यांनीही घेतला. "आवाज करते," म्हणाल्या ज्योतीकडे बघत.

तुम्ही येणार असाल तर गॅस गाडीतून आणा, कर्जतच्या लोकलमधून सिलिंडर न्यायला रेल्वेची मनाई आहे. रिकामा डबा परत घेऊन जा. आणि आंब्याखाली फाटी रचलेली दिसली, तर ती पावसाची आहे. राहू द्या.