आधी ब्लेड, मग यंत्र

घरदुरुस्तीसाठी ऑसिलेटिंग मल्टीटूल घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो वॅटचा. ड्रिल आणि ग्राइंडरने आपल्याला लावलेली ही सवय आहे, आणि या यंत्राच्या बाबतीत ती दिशाभूल करते. माझे म्हणणे असे की निवड ब्लेडच्या टोकापासून सुरू करावी. ब्लेड किती हलते, ते यंत्राला कसे धरले जाते आणि झिजल्यावर तसलेच दुसरे आपल्या गावात मिळते का, हे तीन प्रश्न सुटले की वॅटचा प्रश्न फारसा उरत नाही.

या यंत्राचे मूळ इस्पितळात आहे. हाडावरचे प्लास्टर कापायचे, पण आतल्या कातडीला इजा करायची नाही, या गरजेतून हेलकावे घेणारी करवत जन्मली. जर्मनीच्या फाइन कंपनीने अशी करवत 1967 मध्ये आणली. मऊ कातडी ब्लेडबरोबर किंचित सरकते म्हणून सहसा वाचते, कडक प्लास्टर सरकत नाही म्हणून कापले जाते. (लाकडाच्या धारदार ब्लेडला हा दिलासा लागू नाही, ते बोट कापतेच.) वेगातही मोठा फरक आहे: चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेऱ्या घेतो तेव्हा चकतीची कड सेकंदाला सुमारे 57 मीटर धावते. मल्टीटूलचे दात त्यापुढे फारच हळू हलतात. त्यामुळे जुन्या फरशीवर नवी बसवताना सागवानी चौकटीचा पाय ग्राइंडरने कापला तर लाकूड करपते, धूळ घरभर होते आणि भिंतीलगतचा शेवटचा कोपरा गोल चकतीला पोचतच नाही. मल्टीटूल तिथे भिंतीला टेकून सरळ आत शिरते.

वेग कमी असल्यानेच हेलकाव्याचा कोन महत्त्वाचा ठरतो. अक्षापासून 9 सेंटिमीटरवरचा दात 3 अंशांत पावणेपाच मिलिमीटर सरकतो, 5 अंशांत पावणेआठ. धाव तोकडी असली की खोल कापात भुसा बाहेर पडत नाही, दात घासत राहतात, लाकूड काळे पडते आणि ब्लेडची धार जाते. अशा वेळी जादा वॅट फक्त उष्णता वाढवतात. खोक्यावरचा आकडा नीट वाचावा: कुणी एका बाजूचा कोन लिहितो, कुणी दोन्ही बाजूंचा मिळून, त्यामुळे 1.4 आणि 2.8 हे एकाच यंत्राचे वर्णन असू शकते. मोठ्या कोनाने हाताला हादरेही जास्त बसतात. टाइल्सच्या सांध्यातले ग्राउट काढायला किंवा कोपऱ्यात पॉलिशपेपर फिरवायला लहान कोनच बरा. पण ज्याला चौकटी आणि प्लाय कापायचे आहेत त्याने 3 अंशांच्या खाली जाऊ नये.

पकडीचा प्रश्न याहून चिवट आहे. जुन्या पद्धतीत सपाट ब्लेड खुंट्यांवर बसवून बोल्टने आवळतात. बोल्ट सैल झाला की ते घसरते. बॉश आणि फाइनने 2016 मध्ये आणलेल्या स्टारलॉकमध्ये ब्लेडचे डोके वाटीसारखे असते आणि ते चट्‌कन घट्ट बसते. मात्र त्यात साधे, प्लस आणि मॅक्स असे तीन प्रकार आहेत: मॅक्सचे यंत्र तिन्ही ब्लेड घेते, साध्या स्टारलॉकचे यंत्र प्लस आणि मॅक्सची घेत नाही. यावर आक्षेप येईल की घरगुती वापराला स्वस्त, बोल्टवाले यंत्र पुरेसे आहे. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. त्या पद्धतीची सपाट ब्लेड अनेक कंपन्या बनवतात, आणि वर्षातून चार वेळा बोल्ट आवळणे काही कठीण नाही. वाचलेले पैसे ब्लेडवर घालावेत. साधे लाकडाचे ब्लेड एका खिळ्यावर बोथट होते. जुन्या चौकटीत खिळे असणारच, म्हणून बायमेटल घ्यावे. कडक पोलादी स्क्रूसाठी मात्र कार्बाइडच लागते. काँक्रीटमध्ये वायरिंगची खाच पाडायची अपेक्षा कुठल्याच ब्लेडकडून करू नये.

बॅटरीचे यंत्र त्याच कंपनीचे ड्रिल आधीच घरात असेल तर घ्यावे. नाही तर वायरचे पुरते, फ्लॅटमध्ये प्लग हाताशी असतो. राहिला शेवटचा आक्षेप: पाच वर्षांतून एकदा लागणारी वस्तू विकत घ्यावीच कशाला? खरे आहे, तेवढ्यासाठी सुतार बोलवावा. पण त्याच्या पेटीतले ब्लेड दहा घरे फिरलेले असते, तेव्हा नवे बायमेटल ब्लेड आपण आणून द्यावे. फक्त दुकानात जाण्याआधी त्याच्या यंत्राच्या डोक्याचा फोटो मागवून घ्यावा.