डॉक्टर शेडेलची कोरी पानं

दोस्तांनो, जर्मनीतल्या म्युनिक शहरात कधी गेलात, तर लुडविगश्ट्रासे या रुंद, सरळ रस्त्यानं जरूर चाला. वाटेत विटांची एक लांबच लांब इमारत लागेल. दारापुढच्या जिन्यावर चार दगडी पुतळे ऐसपैस बसलेले दिसतील. त्यांतला एक प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस. हे बव्हेरियाचं सरकारी ग्रंथालय. वैद्याचा पुतळा इथं शोभतोच, कारण आत एका डॉक्टरचा खजिना आहे!

त्याचं नाव हार्टमान शेडेल. न्यूरेंबर्ग गावी १४४० साली जन्मला. लहानपणीच पोरका झाला. थोरला चुलतभाऊ हर्मान डॉक्टर होता, त्यानं त्याला सांभाळलं. छपाई तेव्हा नुकती कुठं सुरू होत होती. पुस्तक हवं, तर ते मागून आणायचं आणि उतरवून काढायचं! मित्राची वही उतरवताना तुमचा हात दुखतो ना? लाइपझिग आणि पादुआला शिकताना शेडेलनं तर पुस्तकंच्या पुस्तकं उतरवली.

पुढं डॉक्टरकी करता करता त्यानं छापील पुस्तकंही जमवली. १४९३ साली त्यानं लिहिलेला जगाचा सचित्र इतिहास छापून निघाला. त्यात १८०० हून जास्त चित्रं होती, पण लाकडी ठसे साधारण ६४५! म्हणून एकच चित्र कधी या गावाचं, तर कधी त्या गावाचं!

शेडेल १५१४ साली वारला. १५५२ साली नातवानं हा संग्रह फुग्गर या सावकार घराण्यातल्या एकाला विकला. १५७१ साली तो बव्हेरियाच्या ड्यूककडे, म्युनिकला आला. १९४३ साली बॉम्बहल्ल्यात ही इमारत पेटली. सुमारे ५ लाख पुस्तकं जळून गेली. मौल्यवान ग्रंथ आधीच बाहेर हलवले होते, म्हणून शेडेलची पुस्तकं वाचली. त्याची सुमारे ३७० हस्तलिखितं आणि ४६० छापील पुस्तकं आजही इथं आहेत.

त्याच्या इतिहासाची त्याची स्वतःची प्रतही इथंच आहे. आणि गंमत ऐका. त्या ग्रंथात आपल्या काळापर्यंतची हकिगत सांगून झाल्यावर त्यानं काही पानं चक्क कोरी सोडली. का? पुढं जे घडेल, ते वाचणाऱ्यानं लिहावं म्हणून! ग्रंथ निघाला त्याच वर्षी कोलंबस पहिल्या सफरीवरून परतला होता. त्या सफरीची बातमी ग्रंथात नाही.

इतकी पुस्तकं वाचलेला माणूस, पण 'आता सगळं कळलं' असं काही त्याला वाटलं नाही. पुढच्यांसाठी त्यानं जागा ठेवली. तुम्ही काय लिहिलं असतं हो त्या पानांवर?