पयशे दिवन बोटीर

गोव्यात एखाद्याबद्दल 'तो बोटीर आसा' असे म्हटले की तो मौजमजेला गेला आहे असे कुणालाच वाटत नाही. तो तारवटी आहे आणि पुढचे कित्येक महिने घरी यायचा नाही, हे समजून घ्यायचे. त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी मुंबई-मुरगाव-मुंबई अशा क्रूझची तिकिटे काढली तेव्हा शेजारच्या काकींनी डोळे मोठे करून विचारले, "पयशे दिवन बोटीर वतात?"

मला जायचे होते ते बाबांमुळे. १९७० च्या दशकात ते मुंबईत नोकरीला होते. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावर 'कोकणसेवक' नाहीतर 'कोकणशक्ती'त चढायचे आणि दुसऱ्या दिवशी पणजीला उतरायचे. डेकवर पथारी, उशाला ट्रंक. रात्री किनाऱ्यावरचे दिवे बघून हे रत्नागिरी, हे विजयदुर्ग, हे मालवण असे ओळखता येते म्हणायचे. ती बोट कधीच बंद झाली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे थेट धावू लागल्यावर तर तिची आठवणही मागे पडली. मला ते दिवे एकदा बघायचे होते.

आणि पहिल्याच रात्री मी ते घालवले! चौकशी करून खोली मात्र नीट घेतली होती. बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर, कारण तिथे हेलकावे कमी लागतात. आणि डाव्या हाताची, कारण दक्षिणेकडे येताना किनारा डावीकडे असतो. पण बोट सुटण्यापूर्वीची लाइफ जॅकेटची कवायत संपली आणि आम्ही जे जेवणाच्या रांगेत शिरलो ते तिथेच अडकलो. जेवण तिकिटातच धरलेले. मग पैसे वसूल करायला नकोत? तीन प्रकारची बिर्याणी, पाच प्रकारचे गोड, वर जादूचे प्रयोग. मध्यरात्री पोट धरून झोपलो. जाग आली तेव्हा ऊन चढले होते आणि रत्नागिरी, मालवण सगळे मागे पडले होते.

सकाळी खोली आवरायला आलेल्या मुलाने आमचे बोलणे ऐकले आणि चादर हातातच धरून विचारले, "तुमी गोंयचीं?" मुलगा सासष्टीचा. त्या दिवशी बोट मुरगावला लागणार होती, तिथून त्याचे घर तासाभरावर. "मग आज घरी जाणार ना?" सौ.ने विचारले. तो हसला. "आज म्हजी ड्युटी, आंटी. मांय गेटीर येतली." आई बंदराच्या फाटकावर येणार, आणि तो वर चादरी बदलणार.

आमचा बेत होता बोटीवरच थांबायचा. इतर प्रवासी जुने गोवे आणि कळंगुट बघायला उतरणार, गोंयकाराने गोवा काय बघायचा! रिकामी बोट, रिकामा तलाव आमचाच. (हा बेत वाईट नव्हे. ज्यांनी बंदर आधी पाहिले आहे त्यांनी जरूर करावा.) पण सौ.ने पायात चपला घातल्या. मीही निघालो.

फाटकाबाहेर त्याची आई उभी होती. हातात स्टीलचा डबा, त्यात दोदोल. घरचे खाणे बोटीवर नेता येत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. तिला नव्हते. सांगितल्यावर ती क्षणभर गप्प राहिली. मग डबा उघडून म्हणाली, "तुमीच खायात. ताका सांगात, बरें जालां म्हण." तिथेच एका झाडाखाली उभे राहून आम्ही दोदोल खाल्ले. आदल्या रात्रीचे पाच प्रकारचे गोड मला आज एकही आठवत नाही.

संध्याकाळी तो दारात आला. "गोड जाल्लें?" एवढेच विचारले. मी म्हटले, "बरें जाल्लें, पुता." त्याने मान हलवली आणि टॉवेल ठेवून पुढच्या खोलीकडे गेला. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे बोटीवरच्या माणसाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी. म्हणजे उरलेले चौदा तास कामाचे असू शकतात. आपली सुट्टी त्या तासांवर चालते, हे तिकिटावर कुठे लिहिलेले नसते.

त्या रात्री थोडेसेच जेवलो आणि वर डेकवर जाऊन बसलो. परतताना किनारा उजवीकडे. खाली गाणी चालली होती, वर आम्ही दोघे आणि वारा. बऱ्याच वेळाने दूरवर दिव्यांची एक ओळ दिसली. वेंगुर्ले की मालवण, मला ओळखता आले नाही. बाबा असते तर सांगितले असते. सौ. म्हणाली, "नाव कशाला हवे? दिवे आहेत ना."

असो. क्रूझचे पैसे कसे वसूल करायचे असे कुणी विचारले तर मी सांगतो: कमी खा, रात्री डेकवर जा, आणि खोली आवरणाऱ्याला त्याचा गाव विचारा. आपल्या गोव्यातला निघायची शक्यता बरीच असते.